जिव्हाळीची जपणूक

आमच्या वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आणि दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखर पंडिताने आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथात काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात घडविला आहे. तो विवाह गांधर्व पद्धतीचा. तेव्हा त्यात वाजंत्र्यांचे काम पडले नसावे. आजच्या वाशिमात मात्र वैशाख लागला की बालाजीच्या देवळापासून पद्मतीर्थापर्यंत एकही रस्ता असा राहत नाही की ज्यावरून वरात जात नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीच उभ्या करून कानठळ्या बसविण्याचा प्रघात पडला आहे. तरी ज्यांस वाद्य माणसाने वाजवावे असे वाटते अशी घरे अजून आहेत, आणि ती बँड बोलावितात. त्या बँडमध्ये गाण्याची ओळ जे वाद्य धरते, त्या क्लॅरिनेटविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. वाजवावे कसे, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. वाजवून झाल्यावर ते ठेवावे कसे, एवढेच आम्ही शिकलो, आणि तेही पासष्टीच्या घरात आल्यावर.

प्रसंग असा घडला. आमची थोरली पुतणी नोकरीनिमित्त बाहेरगावी असते आणि तिचा धाकटा मुलगा शिक्षणासाठी आपल्या आजोळी, म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबात, राहतो. यंदा तो आठवीत आहे. त्याच्या शाळेत पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी बँड उभा करावयाचे ठरले, आणि चिरंजिवांच्या वाट्यास क्लॅरिनेट आले. एके दिवशी सायंकाळी काळी पेटी काखेत मारून स्वारी घरी आली. पेटी उघडताच लहानथोर सारी मंडळी भोवती जमली. आमच्या वहिनी, म्हणजे त्या मुलाच्या सख्ख्या आजी, देवापाशी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी तेथूनच विचारले, “हे तोंडात धरून वाजवायचं ना रे? मग याच्या आधी कोणाकोणाच्या तोंडाला लागलं असेल?” मुलगा प्रामाणिक. म्हणाला, “मागच्या वर्षीची मुलं वाजवत होती.” वहिनी अधिक काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात एका पातेल्यात पाणी खळखळा उकळत होते आणि त्यात वाद्याचे तोंड, म्हणजे ज्यास बँडवाले ‘माउथपीस’ म्हणतात ते, बुडविलेले होते. वहिनींचा हेतू निर्मळ होता. ज्या घरात पाण्याच्या तांब्यास कधी ओठ लागले नाहीत, त्या घरात परक्याच्या तोंडची वस्तू नातवाने तोंडात घालावी हे त्यांस कसे सोसावे? आणि स्वच्छतेच्या दृष्टीने पाहता शंका अगदीच चुकीची होती असेही नाही. उपाय तेवढा चुकला. काळे कुळकुळीत चकाकणारे ते तोंड पाण्यातून बाहेर निघाले तेव्हा हिरवट तपकिरी झाले होते आणि त्यास काडेपेटीच्या गुलासारखा वास येत होता. मुलाने त्यावर पत्ती बसवून फुंकर घातली, तो सुराऐवजी चिरका किंकाळीवजा आवाज निघाला. मुलगा रडू लागला, वहिनी घाबऱ्या झाल्या, आणि तंटा मिटविण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले.

मुलास घेऊन आम्ही त्याच्या बँडच्या शिक्षकांकडे गेलो. वयाने ते आमच्याच बरोबरीचे. चाळीसएक वर्षे लग्नांत क्लॅरिनेट वाजवून आता शाळेतल्या मुलांस शिकवितात. गावात त्यांस सगळे ‘मास्तर’ म्हणतात. आम्हीही येथे तेच नाव वापरू. त्यांची व आमची एक जुनी ओळख होती. ती कशी, ते पुढे यथास्थळी येईल.

मास्तरांनी ते माउथपीस उजेडात धरून पाहिले. खिडकीतल्या सपाट काचेवर त्याची सपाट बाजू टेकविली आणि बोटाने हलकेच दाबली; ते किंचित डुलले. मग पत्ती बसवून, खालचे भोक तळहाताने बंद करून त्यांनी तोंडाने आतली हवा ओढून घेतली. “चांगल्या तोंडावर पत्ती असी चिकटून राह्यते, अन् मग टप्पकन सुटते,” ते मुलास म्हणाले. येथे ती चिकटलीच नाही. “गुरुजी, याले चटका बसला. आता याच्यावर पत्ती नीट बसत नाही.” दोष कोणाचा, हे त्यांनी विचारले नाही. मुलास समोर बसवून घेतले आणि तासभर वाद्य न वाजविता केवळ ते ठेवावे कसे याचा पाठ दिला. आम्ही सवयीप्रमाणे वही काढून टिपून घेत होतो. त्या टिपणास आमच्या वाचनाची थोडी जोड देऊन सार येथे सांगतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. पोकळीतून वारा खेळवून जे वाजते ते सुषिर. बासरी, शंख, सनई, क्लॅरिनेट ही सारी सुषिर वाद्ये होत. परंतु त्यांची नादोत्पत्ती एकसारखी नाही. बासरीत कडेवर फुंकर फुटते. शंखात ओठच कंप पावतात. सनईत दोन पात्यांची जिव्हाळी असते आणि ती एकमेकींवर आपटतात. क्लॅरिनेटात पत्ती एकच. ती माउथपीसच्या सपाट पाठीवर धातूच्या कड्याने आवळलेली असते. तिचे टोक व माउथपीसची कड यांमध्ये सुमारे एक मिलिमीटराची फट असते. फुंकर घातली की पत्ती सेकंदात शेकडो वेळा ती फट मिटविते व उघडते, आणि त्या उघडझापीने नळीतला वारा बोलू लागतो. हे वाद्य सन १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने जुन्या एका वाद्यात सुधारणा करून सिद्ध केले, असे मानतात. पुढे ते इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर या देशात आले आणि लग्नाच्या मांडवात शिरून घरचेच होऊन बसले.

ती पत्ती कशाची, हे ऐकून आमच्या मुलांस मोठे नवल वाटले. ती लाकडाची नव्हे, धातूची तर नव्हेच. ती एका गवताची आहे. नदीकाठी वाढणाऱ्या उंच देवनळाच्या जातीचे हे गवत असून त्याचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. फ्रान्सच्या दक्षिणेस वार नावाच्या प्रांतातले पीक यासाठी विशेष नावाजलेले आहे. सुमारे दोन वर्षांचे दांडे कापून, उन्हात व सावलीत मुरवून, मग त्यांच्या पत्त्या काढितात. पत्तीची लांबी पावणेसात सेंटिमीटरांच्या आसपास. बुडाशी ती जाड असते आणि टोकाशी तासून तासून एक दशांश मिलिमीटर इतकी पातळ केलेली असते. म्हणजे आमच्या वहीच्या कागदाएवढीच जाडी. सगळा सूर त्या कागदाएवढ्या टोकावर उभा. जिव्हेवरून जिव्हाळी हा शब्द झाला; आणि जिभेस जितके जपावे लागते तितकेच तिलाही.

आता माउथपीस. नव्या विद्यार्थ्यांची माउथपीस प्लॅस्टिकची असतात; चांगली बहुधा एबोनाइटची, म्हणजे कठीण रबराची. रबरात गंधक मिसळून तापविले असता ते टिकाऊ होते, ही युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास साधली व सन १८४४ मध्ये तिचे पेटंट त्याने घेतले. गंधकाचे प्रमाण पुष्कळ वाढविले की रबर लाकडासारखे कठीण व काळे होते, तेच एबोनाइट. आमच्या घरी पातेल्यातून जो वास आला तो या गंधकाचा. कढत पाण्याने एबोनाइटाचा रंग उडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा आकार किंचित पालटतो. डोळ्यास तो फरक दिसत नाही. पत्तीस मात्र तत्काळ कळतो. ऊनही याच रीतीने त्याचा घात करिते. दिवसचे दिवस उन्हात राहिलेले माउथपीस हिरवट पडते आणि तोंडात धरिले असता कडवट लागते.

मग ते धुवावे कसे? कोमट पाण्याने. बोट सहज बुडविता येईल आणि बुडवून ठेवावेसे वाटेल, इतकेच कोमट. सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापडाची वळी, आणि स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा एवढे पुरे. रोज वाजवून झाल्यावर मात्र मऊ सुती कापडाने आतून अलगद टिपून घ्यावे. तार, काडी, पिन आत घालू नये. घासणीने तर स्पर्शही करू नये. कारण आतल्या भिंतीवर पडलेला ओरखडा भरून निघत नाही. लाळेतील क्षार बसून पांढरा थर धरला तर पाणी घातलेल्या व्हिनेगरात कापूस भिजवून तेवढाच भाग पुसावा आणि लगेच धुऊन टाकावा. एक माउथपीस अनेकांनी वापरू नये हे सर्वांत उत्तम. सन २०२० च्या साथीनंतर हे कोणास निराळे सांगावयास नको. शाळेस वाद्य प्रत्येकास देणे परवडत नसेल, तर निदान तोंड व पत्ती ज्याची त्याची असावी. वहिनींच्या शंकेचे खरे उत्तर हेच होते.

पत्तीची निगा याहून नाजूक. नवशिके विद्यार्थी वाजवून झाले की पत्ती माउथपीसवर तशीच ठेवून पेटी मिटवितात. ओली पत्ती रात्रभर तशी राहिली की तिचे टोक लाटेसारखे वाकडे होते, आणि पावसाळ्यात तर तिजवर काळे ठिपके धरितात. तो बुरशीचा प्रकार आहे. अशी पत्ती पुसून, उन्हात घालून वापरण्याची काटकसर करू नये, ती टाकूनच द्यावी. वाजविणे संपताच कड्याचे दोन्ही स्क्रू सैल करावे, पत्ती बुडाकडून धरून उचलावी, आणि बोटाने किंवा कापडाने बुडाकडून टोकाकडे अशी एकाच दिशेने पुसावी. उलट दिशेने पुसल्यास टोकाचे तंतू फाटतात. मग ती सपाट वस्तूवर ठेवून वाळू द्यावी. दुकानात यासाठी खास डब्या मिळतात. न मिळाल्या तर काचेचा एक सपाट तुकडा, कडा घासून बोथट केलेला, आणि त्यावर सैलसा रबरी पट्टा, एवढ्यावर काम भागते. पत्त्या तीन-चार आलटून पालटून वापराव्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे कोणती केव्हापासून चालू आहे ते कळते. एकीवरच सारा भार टाकिला की ती लवकर मरते, आणि ऐन वेळी दुसरी नवखी असते. आमच्या शाळेत हुशार मुलाकडूनच प्रत्येक समारंभात भाषण करवून घेत असत. मास्तरांचे हे बोलणे ऐकताना आम्हांस त्याची आठवण झाली.

वाजविताना मध्ये थोडा विसावा असेल तर पत्ती काढावयाचे कारण नाही, टोपी घालावी. ही टोपी घालतानाच पुष्कळ पत्त्या मोडतात, म्हणून ती सरळ धरून सावकाश उतरवावी. टोकास तिचा धक्का लागता कामा नये. टोपी घातल्याशिवाय वाद्य हातावेगळे करावयाचे नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. तोंडावर उभे करावयाचे नाही, खुर्चीवर ठेवावयाचे नाही, हा दुसरा. खुर्ची दिसली की माणूस बसतोच.

आमच्या वऱ्हाडात दोन ऋतूंचा विचार अधिक करावा लागतो. वैशाखात हवा इतकी कोरडी असते की पत्ती वाळून टोकास वळकटी पडते. तेव्हा वाजविण्यापूर्वी ती मिनिट-दोन मिनिटे पाण्यात किंवा तोंडात ओली करावी, आणि वक्र टोक काचेवर अंगठ्याने हळुवार दाबून सपाट करावे. बंद मोटारीत किंवा बँडच्या गाडीच्या पत्र्यावर वाद्य ठेवणे म्हणजे ते तव्यावर ठेवणे होय. वाद्याचे अंग आफ्रिकेतील काळ्या लाकडाचे असल्यास त्यास तडाही जातो. पावसाळ्यात उलट, तेव्हा पत्ती पूर्ण वाळल्यावाचून डबी बंद करू नये. सांध्यांच्या बुचांस खोबरेल किंवा गोडे तेल चोळण्याचा मोह कित्येकांस होतो. ते तेल चिकट होऊन धूळ धरिते. बुचासाठी म्हणून जे मलम मिळते तेच थोडे लावावे.

आणि शेवटची गोष्ट तोंडाची. वाजविण्यापूर्वी चूळ भरावी. साधे पाणी पुरते. जिलबी खाऊन, सरबत पिऊन फुंकर घातली तर साखर पत्तीत मुरते आणि आतल्या गाद्या चिकट होतात. पान, तंबाखू व आमच्या भागातला खर्रा यांविषयी मास्तर फार कळवळून बोलले. त्यांच्या बरोबरीचे किती वादक त्या व्यसनाने गेले, हे त्यांनी बोटांवर मोजले, आणि एका हाताची बोटे पुरली नाहीत.

हे सारे ऐकताना आमच्या मनात एकसारखा आपल्या देवघरातल्या शंखाचा विचार येत होता. पूजेचा शंख निराळा आणि वाजविण्याचा निराळा. वाजविलेला शंख धुतल्याशिवाय जागेवर जात नाही, आणि पाणी निथळावे म्हणून तो पालथा ठेवितात. म्हणजे तोंडाची वस्तू धुवावी कशी, ठेवावी कशी, हे शास्त्र आपल्या घरांस अवगत नव्हते असे नाही. ज्यांच्या घरी मुरलीधराची मूर्ती पुजिली जाते, त्यांनी तोंडाने वाजवावयाच्या वाद्यास उष्टे म्हणून दूर ठेवावे, हे चमत्कारिक नाही काय? आम्ही पेटी शिकलो, तबला शिकलो. परंतु ज्या वाद्यास ओठ लागतात ते आमच्या आळीत कोणी शिकले नाही. ते वाजविणारे लोक निराळे, त्यांची बसण्याची जागा निराळी, आणि पाण्याचे भांडेही निराळे. त्यांच्यावाचून आमचे एकही मंगल कार्य मात्र पार पडत नसे. आता ती जुनी ओळख सांगावयाची वेळ आली.

सन २००१ चा वैशाख. घरात ह्याच पुतणीचे लग्न. मुहूर्त सकाळी अकराचा; वऱ्हाड येण्यास दोन तास उशीर झाला. बँडची अकरा माणसे आठ वाजल्यापासून मांडवाबाहेर उभी होती. मांडवात पाहुणे, पडवीत स्वयंपाकी, खोल्यांत बायका. त्यांच्यासाठी जागा योजावी हे आम्हां कोणाच्या ध्यानी आले नाही. किंबहुना ते ध्यानी यावयास हवे, हेच ध्यानी आले नाही. क्लॅरिनेट वाजविणारा गृहस्थ आमच्याजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, बाजा ठेवाले कुठं सावली मिळंल का? अन् मानसाईले पानी?” आमच्या हातात आहेराची यादी होती. आम्ही मान वर न करिता म्हणालो, “तेथेच ओट्यावर ठेवा. पाणी येईल.” पाणी आले, पण पुष्कळ वेळाने. ओट्यावर ऊन होते. ते लोक पाणी पिण्यास गेले असता आमच्याच घरच्या पोरांनी टोपी काढून ते वाद्य तोंडास लावून पाहिले, आणि कोणीतरी येताना दिसताच फरशीवर टाकून पळाली. पत्तीचे टोक तुटले आणि माउथपीसच्या कडेची कपची उडाली. पत्ती दुसरी होती. माउथपीस दुसरे नव्हते.

वरात निघाली तेव्हा तो गृहस्थ झांज घेऊन रांगेच्या शेवटी चालत होता. गाणे कर्णेवाल्यांनी कसेबसे रेटले. रात्री हिशेब करितांना आमचे थोरले बंधू म्हणाले, क्लॅरिनेट वाजलेच नाही तर त्याचे पैसे कशाचे? ठरलेल्या बिदागीतून पाचशे रुपये वजा करावे. पोरांचा प्रताप आम्हांस ठाऊक होता. आम्ही तो सांगितला नाही. घर पाहुण्यांनी भरलेले, बंधू वडील, प्रसंग मंगल. गप्प राहण्यास माणसास कारणे हवी तितकी सापडतात. पाचशे वजा करून नोटा मोजून देण्याचे काम आम्हीच केले. त्याने पावतीवर सही केली आणि नमस्कार करून गेला. तेच हे मास्तर.

पाठ संपल्यावर मुलास बाहेर पाठवून आम्ही त्यांस त्या लग्नाची आठवण दिली. त्यांस ती द्यावी लागली नाही. आम्ही पोरांची गोष्ट सांगितली. तीही त्यांस तेव्हाच समजली होती. “लहान लेकरं होती,” ते म्हणाले, “त्याईचं काय?” मग थोडे थांबून म्हणाले, “तेव्हा नवं तोंड घ्याले पैसे नव्हते. तो सीझन मी झांजच वाजवली, गुरुजी. क्लॅरिनेटवाल्याले पैसा जास्त, झांजवाल्याले कमी. पुढच्या साली घेतलं.” आवाजात राग नव्हता, आणि काही हरकत नाही, असेही ते म्हणाले नाहीत. आम्हीही त्यांच्याकडून तसे म्हणवून घेण्याचा यत्न केला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एक पाकीट घेऊन गेलो. पंचवीस वर्षांचा विचार करून आम्ही त्यात पाचशेहून अधिक घातले होते. त्यांनी ते मोजले, पाचशे रुपये काढून घेतले आणि बाकीचे आमच्या हाती परत दिले. “कापले तेवढेच,” ते म्हणाले. “बाकी द्यायचंच असंल, तर पुढच्या लग्नात आमच्या मानसाईले बसाले एक खोली द्या.”

आमच्या घरी पुढचे लग्न येत्या वैशाखात, धाकट्या भावाच्या मुलाचे आहे. बंधू आता हयात नाहीत. हिशेब आमच्याकडेच आहेत. घराच्या मागील बाजूची पंख्याची खोली बँडच्या मंडळींसाठी राखून ठेविली असून तीत एक लांब बाक वाद्यांसाठी मांडावयाचे ठरले आहे. पाण्याचा माठ व भांडी तीच, जी पाहुण्यांस. हा विषय घरात काढिला तेव्हा आम्हांस थोडी धाकधूक होती. वहिनी एवढेच म्हणाल्या, “खोली दिली तर दाराला कडी लावा. नाही तर पोरं पुन्हा शिरतील.” त्यांस ती जुनी गोष्ट कधीपासून माहीत होती, हे विचारावयाचे धैर्य आम्हांस झाले नाही.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे अशा वाचकांस आमची विनंती आहे. बँड ठरविताना बिदागीबरोबर या गोष्टीही ठरवाव्या: मंडळी किती येणार, ती कोणत्या सावलीत बसणार, वाद्ये कोठे ठेवणार, पाणी व जेवण केव्हा मिळणार. यास खर्च जवळजवळ नाही. मुहूर्तास उशीर झाला तर तो उन्हात उभे राहून त्यांनी का भोगावा? आणि हिशेबात काही वजा करावयाची वेळ आलीच, तर आधी घरातल्या पोरांस विचारावे.

नातवासाठी नवे माउथपीस आणविले; प्लॅस्टिकचे असले तरी मास्तरांनी काचेवर टेकवून ते पसंत केले आहे. त्यावर त्याच्याखेरीज कोणाचे तोंड लागत नाही, आणि कोमट पाणी वहिनी स्वतः बोट बुडवून पाहून देतात. देवघरातल्या एका जुन्या तसबिरीची काच निघाली होती. तिचा तुकडा त्यांनी काचवाल्याकडून कडा घासून आणविला आणि कोनाड्यात ठेविला. रोज संध्याकाळी तीन पत्त्या तिजवर ओळीने वाळत असतात. मुलगा वाजवावयास बसला की आतून प्रश्न येतो, “चूळ भरलीस का?” आणि वाजवून उठला की दुसरा, “टोपी घातलीस का?” सूर अजून चिरकतो. पंधरा ऑगस्टला अवकाश आहे.